सृष्टीत सरळ रेषा आहे का? नानांची वही कशी तपासावी?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लिखाण लांबेल, पण विषय घरचा आणि जिव्हाळ्याचा आहे.

माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, चाळीसगाव तालुक्यात राहतात. आयुष्यभर फिटरचं काम केलं, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून एक वही लिहितात. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. आत निळ्या शाईत आकृत्या, सगळ्या कंपासने काढलेल्या. मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस. वाच आणि खरं काय ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नको."

वहीचा गाभा असा. सृष्टीत सरळ रेषा कुठेच नाही. नदी वळते, फांदी वळते, ग्रह वळतात. मग मोकळी सोडलेली वस्तू सरळ रेषेत जाते हा न्यूटनचा पहिला नियम कोणी पाहिलाय? नानांनी त्याऐवजी 'शतांश नियम' मांडलाय: मोकळी सुटलेली प्रत्येक वस्तू जेवढी वाट चालते तिच्या शंभराव्या भागाइतकी बाजूला वळतेच. शंभर हा आकडा त्यांनी भास्कराचार्यांकडून घेतलाय. ग्रहांच्या फेऱ्या या वळण्यामुळेच होतात आणि गुरुत्वाकर्षण वेगळं मानायची गरज नाही, असं पुढे आहे.

मी तीन रात्री वाचली. पहिली पंधरा पानं वाचताना मान डोलत होती, पुढे कुठेतरी पाय निसटला, पण नेमका कुठे ते बोट ठेवून सांगता येईना. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो म्हातारपणीचा नाद आहे, सोडून द्या. चुलत भाऊ म्हणतो पुस्तक छापू. एका छपाईवाल्याने पंचेचाळीस हजार सांगितलेत आणि नाना पेन्शनमधून द्यायला तयार आहेत. म्हणून घाईने इथे विचारतोय. सरळ रेषा खरंच नसते का? आणि अशी नवी मांडणी, माणसाचा मान राखून, तपासायची कशी?

---

ओळंबा

धुळ्यात बांधकामाची कामं घेतो. पुस्तकी नाही, हातातलं सांगतो.

नानांचं पहिलं वाक्य खरं आहे. तीस फुटाच्या भिंतीला दोन टोकांना खिळे ठोकून सुतळी ताणा. कितीही ताणा, मध्ये पोट येतंच. नवा पोरगा त्या सुतळीवर विटा लावत जातो आणि मधला थर खाली बसतो. म्हणून आम्ही मध्ये एक वीट टेकू देतो. आडवी सुतळी पूर्ण सरळ करायला अनंत ताण लागेल, असं एका इंजिनिअर साहेबांनी मला साइटवर समजावलं होतं.

ओळंब्याची दोरी मात्र सरळ. पण तिच्यातही गंमत आहे. दोन ओळंबे एकमेकांना समांतर नसतात, कारण दोघंही पृथ्वीच्या मध्याकडे बघतात. साधारण 31 मीटर अंतरावर त्यांच्यात अंशाचा 3600 वा भाग फरक पडतो. घराला तो फरक कधी लागत नाही.

माझ्या धंद्यात 'सरळ' हा शब्द एकटा कधी येतच नाही. दहा फुटाच्या भिंतीत तीन मिलिमीटर चालेल, टाइल्सवाला म्हणतो एकच चालेल, दरवाजाच्या चौकटीला तेवढंही नको. आम्ही सरळ मोजत नाही, वाकडं किती ते मोजतो.

---

काळा_पाषाण

भूगर्भशास्त्र शिकवते. खानदेशात राहून सरळ रेषा दिसली नाही असं कोणी म्हणालं की वाईट वाटतं!

नंदुरबार-धुळे पट्ट्यात लाव्हाच्या भेगा भरून झालेल्या डाईक आहेत, दोनशेहून जास्त नकाशावर आल्यात. सर्वांत लांब डाईक 79 किलोमीटरची आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन ताणली गेली, भेगा पडल्या, त्यांत खालून रस चढला आणि थिजला. आजूबाजूचा खडक झिजला आणि या उभ्या राहिल्या. माळावर कोणीतरी भिंत घातल्यासारख्या दिसतात. बहुतेक सगळ्या पूर्व-पश्चिम धावतात. उपग्रहाच्या चित्रात पट्टीने ओढल्यासारख्या.

पण जवळ जाऊन हात लावा. कड दातेरी आहे, मध्येच जाडी बदलते, एक संपते तिथे बाजूला सरकून दुसरी सुरू होते.

याच्या उलट अनुभवही इथेच येतो. विहिरीला सुरुंग लावला की काळ्या दगडाच्या पोकळीत कधी कधी काचेसारखे स्फटिक निघतात. जळगाव भागातलं अपोफिलाइट नावाचं खनिज जगभरचे संग्राहक घेऊन जातात. माझ्या टेबलावर एक आहे, अंगठ्याएवढा, हलका हिरवट. त्याच्या कडेवर नख फिरवलं तर कुठेही अडत नाही. ही कड कोणी घासलेली नाही, अणू रांगेत बसत गेले म्हणून झाली. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिच्यावरही पायऱ्या दिसतात.

म्हणजे डाईक लांबून सरळ, स्फटिक जवळून सरळ. कोणत्या अंतरावरून बघताय ते सांगितल्याशिवाय 'सरळ आहे का' या प्रश्नाला उत्तरच नाही.

---

केळीबाग_रावेर

वाचतोय. आम्ही केळीची लागण दोरी धरूनच करतो, रांग सरळ असली तर ड्रिपची नळी आणि मजूर दोघंही वाचतात. नानांना म्हणा, भो, तुमचा नियम आमच्या बागेत आणून दाखवा, आम्हाला कुतूहल आहे. मनापासून सांगतो, या वयात माणूस वही लिहितो हीच मोठी गोष्ट.

---

चांदसैली

मला इथल्या सुरापेक्षा वेगळं बोलायचंय. नानांसारख्या माणसाला कोण ऐकतं? डिग्री नाही, इंग्रजी नाही, ओळख नाही. आइन्स्टाईन पेटंट ऑफिसात कारकुनी करत होते तेव्हा त्यांनाही असंच उडवलं असतं तर? प्रस्थापित लोक आपलं जुनं सोडत नाहीत. आधी छापा, लोकांपुढे जाऊ द्या, मग काय ते ठरेल.

---

शून्य_अंश

@चांदसैली, तुमची कळकळ पटते. डिग्रीवरून मांडणी नाकारणं चूकच. पण आइन्स्टाईनचं उदाहरण पूर्ण घेऊ. 1905 चे त्यांचे लेख त्या काळच्या मोठ्या नियतकालिकात छापले गेले, कारण त्यात तपासता येतील असे आकडे होते. कारकुनी आड आली नाही.

आपल्याकडचं उदाहरण जयंत नारळीकरांचं. विश्वाला आरंभ होता हे मत जगाने जवळपास मान्य केलं, तरी ते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्याबरोबर वेगळी मांडणी करत राहिले: विश्वाला आरंभच नाही, ते कायम होतं आणि एकंदरीत तसंच राहतं, म्हणजे 'स्थिर विश्व'. 1964 मध्ये त्यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आला. 1965 मध्ये विश्वात सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि स्थिर विश्वाची जुनी कल्पना अडचणीत आली. 1993 मध्ये त्यांनी हॉयल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर ती बदलून पुन्हा मांडली आणि त्या प्रारणाचा हिशोब द्यायचा प्रयत्न केला. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ती पटली नाही. पण नारळीकरांना कोणी विक्षिप्त म्हटलं नाही, कारण मांडणी कुठे तपासायची हे ते स्वतः सांगत होते. प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्यात मला हे बघायचं असतं. बाकी वय, भाषा, पदवी काही नाही.

आता नानांच्या मुद्द्यावर. न्यूटनचा पहिला नियम असं म्हणतच नाही की सरळ चालणारी वस्तू तुम्हाला कुठे भेटेल. तो म्हणतो की वाट वाकली तर कारण शोधा, आणि किती वाकली त्यावरून कारण किती मोठं ते काढा. सरळ रेषा ही ओळंब्यांच्या सुतळीसारखी आहे. भिंत तिच्याशी ताडून बघायची.

हे ताडणं किती बारीक होतं ते बघा. बुधाची लंबवर्तुळाकार कक्षा हळूहळू फिरते. इतर ग्रहांची ओढ हिशोबात धरूनही शतकात 43 विकला उरतात. विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. शंभर वर्षांत एवढंसं, आणि तेवढ्यासाठी लोकांनी सूर्याजवळ एक नवा ग्रह कल्पून शोधला. मिळाला नाही. 1915 मध्ये आइन्स्टाईनच्या समीकरणातून नेमके 43 बाहेर आले. त्याच समीकरणातून असंही निघालं की सूर्याला घासून जाणारा ताऱ्याचा प्रकाश 1.75 विकला वळेल, आणि न्यूटनच्या रीतीने काढलं तर त्याच्या निम्माच. अडीच सेंटिमीटरचं नाणं तीन किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढा हा कोन. 29 मे 1919 च्या खग्रास ग्रहणात फोटो काढून तो मोजला आणि कौल आइन्स्टाईनकडे गेला.

तर प्रकाशसुद्धा वळतो. 'सृष्टीत सरळ काही नाही' हे वाक्य घेऊन नाना आणि आइन्स्टाईन एकाच दारात उभे आहेत. पण सगळंच वाकडं असेल तर 'वाकडं आहे' एवढ्याने काही कळत नाही. किती वाकडं, कोणत्या बाजूला, कशामुळे, हे सांगावं लागतं. @गिरणाकाठ, नानांच्या वहीचा मोठेपणा असा की तिच्यात आकडा आहे: शंभरात एक. माझ्याकडे येणाऱ्या दहा नव्या सिद्धांतांपैकी नऊ जणांत आकडाच नसतो. तुम्ही त्या आकड्याला धरा.

---

पाटणवाट

भास्कराचार्यांचं नाव आलं म्हणून राहवत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाणाऱ्यांनी तिथला शिलालेख जरूर बघावा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ काढला, त्याची ही नोंद, 1207 ची. आपल्या मातीत आठशे वर्षांपूर्वी गणिताची शाळा होती.

नानांनी घेतलेला शंभरावा भाग 1150 च्या सिद्धान्तशिरोमणी या त्यांच्या ग्रंथातल्या गोलाध्यायातला असणार. तिथे प्रश्न असा आहे की पृथ्वी गोल असेल तर सपाट का दिसते. आचार्यांचं उत्तर असं की वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो. पृथ्वी अवाढव्य, माणूस इवलासा, म्हणून त्याला ती सपाट भासते. 'भासतो' या शब्दावर सगळा भर आहे. वस्तू शंभराव्या भागाने वळते असं तिथे कुठेही नाही. बघणाऱ्याच्या नजरेबद्दल जे सांगितलं ते नानांनी वस्तूच्या चालीबद्दल घेतलं.

मी हिशोब करून बघितला. परिघाच्या शंभराव्या भागाला पट्टी लावली तर एका मीटरला मध्ये जेमतेम आठ मिलिमीटर फुगवटा येतो. ओळंबा भाऊ म्हणतील, हे तर डोळ्याला दिसेल! पण पृथ्वीवर एक किलोमीटरची पट्टी ठेवली तर फुगवटा फक्त दोन सेंटिमीटर. ते कोणाला दिसणार?

याच अध्यायात आचार्य दुसऱ्यांची मतंही तपासतात. पृथ्वीला कोणीतरी धरून ठेवलंय म्हणता, मग त्या धरणाऱ्याला कोणी धरलंय? त्यालाही आणखी कोणी हवा, आणि हे कुठे थांबणारच नाही. नानांना ते पान दाखवा. भास्कराचार्यांना मानणारा माणूस ही तपासणी आनंदाने मान्य करेल.

---

ब्लू_आणि_स्क्रेपर

फिटर म्हटल्यावर मी आलोच. आयटीआयला वीस वर्षं शिकवलं.

नानांना एकच विचारा: नाना, जगात सरळ काही नाही, तर तुमची सरफेस प्लेट, म्हणजे बाकीचं काम जिच्यावर ठेवून सपाट आहे का ते बघतो ती लोखंडी प्लेट, सपाट कशावरून? पहिली सपाट प्लेट कशाला लावून तपासली?

त्यांना उत्तर माहीत असेल, फक्त या वहीशी जोडलं नसेल. दोन प्लेटा ब्लू (उंचवटे दाखवणारा निळा रंग) लावून एकमेकींवर घासल्या आणि उंचवटे स्क्रेपरने, म्हणजे धातू खरवडायच्या हत्याराने, काढत गेलो तर दोन्ही जुळतात, पण एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही जुळू शकतात. म्हणून तीन घ्यायच्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. तिन्ही एकमेकींशी जुळल्या तर फुगीर-खोलगट शक्यच राहत नाही, सपाटच व्हावं लागतं. एकोणिसाव्या शतकात व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने ही रीत कारखान्यात रुळवली. आधी कुठलीही सरळ वस्तू हातात नसताना हातांनी सरळपणा जन्माला घालता येतो. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर कोणाशी बोललो नव्हतो.

---

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी प्रिंट काढून नानांना वाचून दाखवलं. तीन प्लेटांचं ऐकून ते उठून आत गेले आणि जुना स्क्रेपर घेऊन आले. हातात धरूनच पुढचं ऐकलं.

पाटणवाट यांचा मुद्दा त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "आचार्यांचा अर्थ माझा चुकला असेल. आकडा चुकला असं त्यावरून ठरत नाही. आकडा मोजूनच ठरेल." मला हे फार आवडलं.

कसं मोजायचं यावर आमचं दोन तास चाललं. चेंडू फेकला तर ते हवेवर ढकलणार, लेसर लावला तर प्रकाश ही वस्तू नव्हे म्हणणार. शेवटी त्यांनीच विहीर सुचवली. आमची जुनी विहीर कोरडी आहे, 65 फूट, म्हणजे वीस मीटरला थोडी कमी. पायऱ्या आहेत आणि सध्या गाळ काढायचं काम चालू आहे. त्यांच्या नियमाने वरून सोडलेला छर्रा शंभराव्या भागाने, म्हणजे वीस सेंटिमीटर, वीतभर बाजूला पडायला हवा. कोणत्या बाजूला? वहीप्रमाणे उत्तरेला. हे वहीत तारीख टाकून लिहा म्हटलं, लिहिलं. करून बघतो आणि कळवतो.

---

शून्य_अंश

उत्तम! आधी लिहून ठेवलं हे सर्वांत महत्त्वाचं.

दोन गोष्टी. हाताने सोडू नका, बोटं नकळत ढकलतात. छर्रा दोऱ्याला टांगा, पूर्ण स्थिर होऊ द्या आणि दोरा जाळा. आणि सरळ खाली म्हणजे कुठे, ते ओळंब्याने ठरवा. 65 फुटी ओळंब्याचा एक झोका पूर्ण व्हायला नऊ सेकंद लागतात, लवकर थांबत नाही. त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

शिवाय हेही ऐका: न्यूटनच्या हिशोबानेही छर्रा अगदी ओळंब्याखाली पडत नाही. पृथ्वी फिरते. विहिरीचं तोंड तळापेक्षा पृथ्वीच्या आसापासून थोडं लांब, म्हणून ते पूर्वेकडे किंचित जास्त वेगाने जातं. छर्रा तो वेग घेऊन खाली येतो आणि पूर्वेला सरकून पडतो. तुमच्या अक्षांशावर, वीस मीटरला, सुमारे 1.8 मिलिमीटर. जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणीत राइख नावाच्या शास्त्रज्ञाने 1831 मध्ये 158 मीटर खोल गोळ्या सोडून हे मोजलं होतं, 28 मिलिमीटर आलं. तेव्हा लढत अशी आहे: नाना, वीतभर उत्तरेला. न्यूटन, पावणेदोन मिलिमीटर पूर्वेला.

---

गिरणाकाठ

झालं. सविस्तर लिहितो.

सकाळी सहाला गेलो, वारा उठायच्या आत. विहिरीवर दोन बल्ल्या आडव्या टाकल्या, मध्ये फळी, फळीला भोक, भोकातून दोरा. छर्रे नानांचेच, जुन्या बेअरिंगचे, त्यांनी रात्री रॉकेलने धुऊन ठेवले होते. खाली ओला गाळ थापून गुळगुळीत केला. आधी ओळंबा सोडला. तो थांबायला पंधरा-वीस मिनिटं गेली. थांबल्यावर त्याच्या टोकाखाली नानांनी गाळात खिळा रोवला. मग होकायंत्राने उत्तर बघून खिळ्यापासून वीस सेंटिमीटरवर बाभळीची काडी रोवली. नाना सहासष्टचे आहेत, पण स्टीलपट्टी घेऊन तळाशी तेच थांबले. छर्रा सुटताना मागे पायऱ्यांच्या आत सरकायचे.

मी वरून ओरडायचो "सोडतोय", उदबत्ती दोऱ्याला लावायची, दोन सेकंद, आणि खालून थप्प असा आवाज. मग नाना भोक मोजून आकडा सांगायचे, माझी मुलगी लिहायची.

चौदा छर्रे सोडले. दोन दोरा नीट न जळल्याने हेलकावले, ते धरले नाहीत. ते बाद करायचे हे खाली पडायच्या आधीच ठरवलं होतं. बाकी बारा भोकं वाटीच्या तोंडाएवढ्या वर्तुळात आली आणि खिळा त्या वर्तुळाच्या आतच होता. काडीच्या आसपास गाळ जसाच्या तसा, गुळगुळीत.

आठव्या छर्ऱ्यानंतरच नाना बोलायचे थांबले होते. नुसते आकडे सांगत होते. बारावा झाल्यावर वर आले, हातपाय धुतले आणि वहीत त्या तारखेखाली बारा आकडे स्वतःच्या हाताने लिहिले. त्याखाली लिहिलं: 'शतांश नियम विहिरीत दिसला नाही.' चुलत भाऊ म्हणाला छर्रे जड होते, हलकं काहीतरी सोडून बघू. नाना म्हणाले, "आधी तसं लिहिलं नव्हतं."

छपाईचे पैसे देणं थांबवलंय. वही थांबलेली नाही. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "न्यूटनचे ते पावणेदोन मिलिमीटर आपल्याला दिसले का?" मी म्हटलं नाही, आपली भोकंच सात सेंटिमीटरमध्ये पसरलीत, त्यात ते कुठे दिसणार. तर म्हणाले, "मग न्यूटनचंही अजून तपासायचं राहिलंय."

@शून्य_अंश, ते कसं करायचं?

---

चांदसैली

मी छापा म्हणालो होतो. हे वाचून माझं मत बदललं. नानांना माझा नमस्कार सांगा. बारा आकडे स्वतःच्या हाताने लिहिणं सोपं नाही.

---

शून्य_अंश

नानांचं बरोबर आहे. तुमच्या विहिरीने न्यूटनला अजून पास केलेलं नाही.

आधी पसारा कमी करा. सकाळी विहिरीच्या भिंती आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात फरक असतो, त्याने आत झोत फिरतात. तोंडावर ताडपत्री टाका, फक्त भोक उघडं ठेवा. छर्रा दोऱ्यावर टांगून किमान दहा मिनिटं थांबा, दोऱ्याचा पीळही उतरला पाहिजे. सगळे छर्रे एकाच मापाचे घ्या. पसारा अर्ध्या सेंटिमीटरवर आणलात तर शंभर छर्ऱ्यांची सरासरी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत भरवशाची होते. मग पावणेदोन मिलिमीटर पूर्वेला आहेत की नाहीत ते दिसेल. मात्र मग ओळंब्याचा खिळाही तितक्याच बारीक मापाने रोवावा लागेल.

---

ओळंबा

खिळ्याचं माझ्याकडे लागलं. पितळी ओळंबा आहे, टोक सुईसारखं, आणि खाली आरसा ठेवून बघायची एक रीत आहे. रविवारी येऊ का?

---

गिरणाकाठ

या दादा, जेवायलाच या. ताडपत्री आहे. नानांनी बेअरिंगची दुकानं पालथी घालून एका मापाचे शंभर छर्रे आणलेत. गाळवाले म्हणतात पाऊस लागला की आठवड्यात विहिरीला पाणी येईल, त्याच्या आत उरकायचं आहे.